रॅलीला निघायचंय? आधी रविवार ठरवा: खान्देशातून मित्रांसोबत दुचाकीवर जाण्याची पायरीवार तयारी

पावसाळा सरला की रॅलींचे बेत सुरू होतात. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा, सगळीकडची मित्रमंडळी दुचाकी काढतात आणि शनिवार-रविवार जोडून नाशिककडे किंवा त्याहून पुढे जातात. हौस चांगली आहे, पण तयारीचा क्रम बहुतेकांचा उलटा असतो. निघायची वेळ आधी ठरते, मग गाडीची आठवण होते, त्यानंतर कोण कोण येणार ते कळतं आणि परतीचा विचार रविवारी दुपारी जेवणाच्या ताटावर होतो. नको ते प्रसंग घडतात ते बहुधा त्या परतीच्या वाटेवर.

खालचा क्रम सात-आठ दुचाक्यांच्या गटासाठी आहे. उदाहरणाला जळगाव ते नाशिक हा रस्ता घेतला आहे: पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक. एकूण अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तुमचं ठिकाण वेगळं असेल तर आकडे बदलतील, पायऱ्या याच राहतील.

पायरी १: रॅली नेमकी कसली आहे ते पाहा

‘रॅली आहे, चला’ एवढ्या निरोपावर गट निघतो आणि तिथे पोहोचल्यावर घोळ कळतो. साधारण तीन प्रकार असतात आणि तिघांची तयारी वेगळी.

पहिला प्रकार म्हणजे दुचाकीस्वारांचा मेळावा. एका मैदानावर गाड्या, तंबू, गाणी, गाड्यांचे स्टॉल. इथे बहुतेक वेळा आधी नावनोंदणी लागते, मनगटावर पट्टी बांधतात, पार्किंग ठरवून दिलेलं असतं.

दुसरा प्रकार म्हणजे ठरल्या वेळेत, ठरल्या सरासरी वेगाने अंतर कापायची स्पर्धा. हिला टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणतात. ती चालू रस्त्यावर, वाहतुकीचे सगळे नियम पाळून होते. लवकर पोहोचलात तरी दंडाचे गुण, उशिरा पोहोचलात तरी दंडाचे गुण. बघ्यांना यात फारसं काही दिसत नाही. भाग घेणार असाल तरच जाण्यात मजा आहे.

तिसरा प्रकार म्हणजे खरी वेगाची रॅली. तिचे टप्पे बंद केलेल्या रस्त्यावर होतात. डांबर, माती, खडी, काहीही असू शकतं. नाशिक परिसरात अशा रॅली होत आल्या आहेत. स्वार एकेक करून ठरावीक अंतराने सुटतात आणि घड्याळाशी झुंजतात. बघायला जाणाऱ्यांनी सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायची असते.

तपासा: आयोजकांकडून चार गोष्टी आधीच विचारून घ्या. नावनोंदणी लागते का, बघ्यांसाठी जागा कुठे आहे, तिकडचा रस्ता किती वाजता बंद होतो आणि शेवटचा कार्यक्रम किती वाजता संपतो. वेगाची स्पर्धा असेल तर तिला एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता आहे का, हेही पाहा. मान्यता नसलेल्या, गावच्या रस्त्यावर हौसेने लावलेल्या शर्यतीला बघायलासुद्धा जाऊ नका. तिथे रुग्णवाहिका नसते, मार्शल (रस्त्यावर लक्ष ठेवणारी आयोजकांची माणसं) नसतात आणि समोरून येणारा ट्रॅक्टर कोणी अडवलेला नसतो.

पायरी २: रविवार संध्याकाळपासून उलटं मोजा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधाराआधी घराच्या उंबऱ्यात पोहोचायचं हे पक्कं धरा आणि मागे मोजत या.

मोकळ्या महामार्गावर गाडी ऐंशीने पळते म्हणून ‘अडीचशे किलोमीटर म्हणजे तीन तास’ असं गणित मांडलं जातं. ते एकट्या माणसाचंसुद्धा खरं होत नाही, गटाचं तर नाहीच. गावं, वळणं, टोलनाके, ट्रकांच्या रांगा धरून गटाचा चालता वेग ताशी पंचावन्नच्या आसपास पडतो. म्हणजे अडीचशे किलोमीटरला साडेचार तास. दर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरला वीस मिनिटांचा थांबा धरला तर तीन थांब्यांचा एक तास. जेवणाला पाऊण तास. झाले सव्वासहा तास. सहा वाजता जळगावला पोहोचायचं तर नाशिक पावणेबाराला सुटलं पाहिजे, आणि निघताना कुणाचा ना कुणाचा हातमोजा हरवलेला असतोच, म्हणून साडेअकरा धरा.

आता आयोजकांनी दिलेली वेळ बघा. बक्षीस समारंभ रविवारी चार वाजता असेल तर तुमच्यापुढे दोनच रस्ते आहेत. समारंभ सोडायचा, नाहीतर रविवारी रात्री तिथेच मुक्काम करून सोमवारी सकाळी निघायचं. ज्यांना सोमवारी कामावर जायचं आहे त्यांना हे आधीच कळलं पाहिजे. समारंभ संपवून अंधारात निघणं हा तिसरा रस्ता यादीत ठेवूच नका.

अंधाराचा एवढा आग्रह का? आपल्याकडच्या रस्त्यावर नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम असतो. दोन दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागे दिवा नसताना, लाल पट्टीसुद्धा नसताना चालतो. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. कापसाच्या गाड्यांचंही तेच. शिवाय बंद पडलेला ट्रक साइडपट्टीवर, मागे दोन दगड आणि एक झाडाची फांदी. दिवसा हे सगळं लांबून दिसतं. रात्री समोरच्या गाडीचा डिपर डोळ्यांत असताना ते दहा-पंधरा मीटरवर आल्यावर दिसतं, आणि साठच्या वेगाला तेवढ्यात गाडी थांबत नाही.

खबरदारी: परतीची वेळ ठरली की ती व्हॉट्सॲपच्या गटावर लिहून टाका आणि सगळ्यांकडून होकार घ्या. ‘तिथे गेल्यावर बघू रे भो’ असं म्हणणाऱ्याला आत्ताच बसवून समजवा.

पायरी ३: माणसं आणि कामं वाटा

सात-आठ दुचाक्यांपेक्षा मोठा गट एकत्र चालवू नका. बारा झाल्या तर सहा-सहाचे दोन गट करा, दहा मिनिटांच्या अंतराने सोडा, भेटायचं ते थांब्यावर.

प्रत्येक गटात तीन कामं नेमून द्या:

- पुढचा: रस्ता माहीत असलेला, वेग आवरून चालवणारा. सगळ्यात जोरदार गाडीवाल्याला हे काम देऊ नका.
- शेवटचा: गटातला सगळ्यात अनुभवी माणूस. हत्यारं, पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचार पेटी याच्याकडे. कोणी थांबलं तर हा त्याच्यासोबत थांबतो. त्याच्या मागे आपलं कोणी राहता कामा नये.
- खजिनदार: सगळ्यांकडून आधीच ठरावीक रक्कम घेतो, पेट्रोल सोडून बाकी खर्च तोच करतो. थोडी रोख रक्कम लागतेच. घाटात रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत आणि टपरीवाला ताटकळतो.

नवख्या स्वाराला पुढच्याच्या लगेच मागे ठेवा. शेवटी टाकलं तर तो मागे पडतो, मग गाठण्यासाठी अंगात नसलेला वेग काढतो. डबल सीट गाडीही पुढच्या निम्म्यात ठेवा.

गटाचा वेग सगळ्यात लहान गाडीवरून ठरतो. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी सोबत असेल तर तिला झेपेल त्या वेगावर सगळ्यांनी राहायचं. हे ज्याला पटत नाही त्याने दुसऱ्या गटासोबत जावं. वाईट काही नाही त्यात. निघण्याआधी बोलून घेतलं की रस्त्यात तोंडं वाकडी होत नाहीत.

पायरी ४: गाडी, आणि तीही दहा दिवस आधी

शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हिसिंग करून शनिवारी पहाटे निघणं ही नेहमीची चूक. उघडलेला नट नीट बसला नसेल, ब्रेकची वायर जास्त ताणली असेल, ऑइलचा बोल्ट पाझरत असेल, तर ते पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये कळतं. ते शंभर किलोमीटर घराजवळ व्हायला हवेत. म्हणून दहा दिवस आधी गाडी मिस्त्रीकडे द्या आणि त्यानंतर रोजच्या कामाला वापरा.

मिस्त्रीने केलं असलं तरी पुढच्या गोष्टी स्वतः बघा.

टायर. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. चाललेल्या गाडीच्या गरम टायरची हवा जास्त दाखवते आणि पंपावरचा पोरगा ती उगाच कमी करतो. किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतं. डबल सीटचा आकडा मागच्या चाकाला वेगळा असतो, तो पाहा. टायरच्या खाचांमध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. बाकीचा टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला असेल तर टायर बदला, ‘एवढी रॅली करून घेऊ’ म्हणू नका. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा असतील तरीही बदला. आपल्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे टायर खाच शिल्लक असतानाही चिरतात.

चेन. डबल स्टँडवर गाडी घ्या, न्यूट्रल करा, इंजिन बंद ठेवा. खालच्या बाजूला पुढच्या आणि मागच्या गरारीच्या (दातेरी चाकाच्या) मधोमध चेन बोटाने वर ढकला, मग खाली ओढा. या दोन टोकांमधलं अंतर बहुतेक गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटर असावं, नेमका आकडा पुस्तकात बघा. आता चाक हाताने थोडं फिरवा आणि पुन्हा मोजा. असं चार-पाच ठिकाणी करा. एका जागी सैल आणि एका जागी ताठ लागत असेल तर चेन असमान ताणली गेली आहे. ती कितीही ॲडजस्ट केली तरी उपयोग नाही, चेनसेट बदलायची वेळ आली. हात इंजिन चालू असताना कधीही लावू नका. चेन आणि गरारीत बोट गेलं की परत जोडायला काही उरत नाही.

ऑइल गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी बघायचं. साइड स्टँडवर बघितलेली पातळी चुकीची असते.

ब्रेक पॅड, क्लच वायर, दोन्ही दिवे, मागचा ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न. ब्रेकचा दिवा तर गटात चालताना मागच्याचा एकमेव इशारा असतो. एकाला मागे उभं करून पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून बघा. दोन्हींना दिवा लागला पाहिजे.

खबरदारी: आवाज मोठा करायला बदललेला सायलेन्सर काढून कंपनीचा बसवा. रॅलीच्या वाटेवर पोलीस हेच शोधत उभे असतात, आणि एकाची गाडी अडकली की सगळा गट अडकतो.

तपासा: टायर ट्यूबलेस आहे की ट्यूबचा? तारांच्या (स्पोकच्या) चाकात बहुतेक ट्यूब असते. ट्यूबलेसच्या पंक्चरला पट्टी आणि हवेचा पंप पुरतो. ट्यूबवाल्याने त्याच मापाची नवी ट्यूब सोबत ठेवायची. गटात दोन-तीन मापाच्या गाड्या असतील तर प्रत्येकाची वेगळी. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे तुमच्या गाडीची ट्यूब असेलच असं नाही.

पायरी ५: एक सराव फेरी

हिला फाटा देऊ नका. रॅलीच्या आदल्या शनिवार-रविवारी, त्याच माणसांसह, त्याच सामानासह, अर्धा दिवस. जळगावकरांनी फर्दापूरवरून अजिंठ्याचा घाट चढून यावं. धुळेकरांनी चाळीसगावमार्गे कन्नडचा घाट. शहादा-नंदुरबारकडच्यांना म्हसावदवरून तोरणमाळची चढण आहेच, आणि घाटातल्या वळणांची परीक्षा तिथे चांगली होते.

या फेरीत तीन गोष्टी कळतात: कोणाचं पेट्रोल किती किलोमीटरला संपतं, कोणाची पिशवी हलते आणि कोणाला सांगूनही ओव्हरटेकची घाई आवरत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. त्या माणसाशी घरी परतल्यावर स्पष्ट बोला.

पायरी ६: कागद आणि सामान

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. फोनमधल्या डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचे कागद चालतात, पण रेंज असतानाच उघडून ठेवा. विमा आणि पीयूसीची शेवटची तारीख प्रत्येकाने वाचून दाखवायची. ‘चालू आहे’ एवढं उत्तर पुरत नाही.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. दोघांनाही कायद्याने बंधनकारक आहे. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकंच सैल. मागच्याला अर्ध्या टोपीचं हेल्मेट देऊन निघणारे खूप दिसतात. पडताना मागचाही फेकला जातो, हे लक्षात ठेवा.

सामान कमी. घोट्यापर्यंतचे बूट, हातमोजे, जाड जीन्स, जॅकेट. पहाटे तापीच्या आणि गिरणेच्या पट्ट्यात चांगलंच गारठतं आणि अकराला ऊन चटकतं, म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ कपडे घाला, एकेक उतरवता येतात. पिशवी सीटला दोन ठिकाणी बांधा. लोंबकळणारं टोक चाकाकडे जाणार नाही ना ते बघा. ओढणी, मफलर, शाल गळ्याभोवती सोडून बसायचं नाही.

शेवटच्याकडे: पाने, पक्कड, क्लच वायर, प्लग, फ्यूज, पंक्चरचं सामान, टेप, टॉर्च, पट्ट्या-जंतुनाशक.

तपासा: प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी असावी. नाव, रक्तगट, घरचा फोन, औषधाची ॲलर्जी. फोन फुटतो किंवा लॉक असतो, चिठ्ठी वाचता येते.

पायरी ७: शनिवारी पहाटे

भेटायची जागा पेट्रोल पंप ठेवा, चौक नको. टाकी भरूनच पंपावर यायचं असा नियम करा, नाहीतर आठ गाड्यांची रांग लागते आणि पाऊण तास तिथेच जातो. वेळ सहाची असेल तर निघायचं साडेसहाला, उजाडताना.

निघण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांनी एकत्र उभं राहून थांबे ऐकायचे: पारोळा, धुळ्याच्या पुढे, चांदवडच्या अलीकडे. पहिला थांबा मुद्दाम जवळ ठेवा. सैल झालेलं सामान, न बसलेलं हेल्मेट, गार पडलेली बोटं, सगळं पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरमध्ये समोर येतं.

नंदुरबारकडून येणाऱ्यांनी साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणा असं सरळ जावं. धुळ्याला एकत्र यायच्या हट्टापायी उगाच लांबचा फेरा पडतो. थेट रॅलीच्या गावाच्या अलीकडे भेटा.

खबरदारी: फोनच्या नकाशात मोटरसायकलचं चिन्ह निवडा. गाडीचं चिन्ह राहिलं तर तो समृद्धी महामार्गावर घालू शकतो, आणि तिथे दुचाकीला बंदी आहे.

पायरी ८: रस्त्यावरचा क्रम

रुंद, मोकळ्या रस्त्यावर एका लेनमध्ये तिरकी रांग: पहिला लेनच्या उजव्या भागात, दुसरा डाव्या भागात एका सेकंदाच्या अंतराने, तिसरा पुन्हा उजवीकडे. आपल्या बरोबर समोरच्या गाडीपासून दोन सेकंद. ती गाडी कडेच्या किलोमीटरच्या दगडाजवळून गेली की मनात सावकाश दोन आकडे मोजा. ते संपायच्या आत तुम्ही दगडाशी पोहोचलात तर जवळ आहात, मागे या.

घाटात, गावात, अरुंद रस्त्यावर, खड्ड्यांत एकामागे एक. शेजारी शेजारी चालवत गप्पा मारणं कुठेच नाही.

ओव्हरटेक प्रत्येकाचा स्वतःचा. पुढचा ट्रकला ओलांडून गेला म्हणून मागच्याने डोळे झाकून निघायचं नाही. प्रत्येकाने समोरचा रस्ता स्वतः बघायचा, आणि ओलांडून गेल्यावर पुढच्याने जरा वेग ठेवायचा, म्हणजे मागच्याला लेनमध्ये शिरायला जागा मिळते. बरेच जण ट्रक ओलांडला की लगेच गॅस सोडतात. तेव्हा त्यांच्या मागचा ट्रकच्या तोंडाशी अडकतो.

फाट्यावर चुकामूक टाळायची एक चांगली रीत आहे. पुढचा जिथे वळतो तिथे त्याच्या मागचा स्वार सुरक्षित जागी कडेला थांबतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने रस्ता दाखवतो. शेवटचा दिसला की हा त्याच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर नवा माणूस. धुळ्याचे चौक आणि मालेगावची गर्दी यात निभावते. तरीही कोणी हरवलं तर महामार्गावर वळून शोधायला जायचं नाही. प्रत्येकाला पुढचा थांबा माहीत आहे, तिथे भेटायचं.

खुणा चारच ठेवा: डावा तळहात खाली दाखवला की सावकाश, मूठ वर केली की थांबा, टाकीवर थाप मारली की पेट्रोल, पाय बाहेर काढला की त्या बाजूला खड्डा.

थांब्यावर उतरल्या उतरल्या चहा मागवण्याआधी प्रत्येकाने आपल्या मागच्या टायरकडे आणि चेनकडे एक नजर टाकायची. टायर दबलेला दिसला, चेन लोंबताना दिसली, तर इथेच बघा.

खाण्याचं सांगायचं तर वाटेत पोहे, केळी, ताक. झणझणीत शेवभाजी आणि वर चार भाकरी दुपारी चालवताना नकोत. दीड वाजता डोळे मिटायला लागतात आणि पोट वेगळंच बोलतं. शेवभाजी मुक्कामी पोहोचल्यावर रात्री खा, मनसोक्त खा.

पायरी ९: रॅलीच्या जागी

गाडी लावताना जमीन बघा. मैदान काळ्या मातीचं असेल तर वरून कोरडी दिसली तरी साइड स्टँड हळूहळू रुततो. तासाभराने गाडी कलते, शेजारची घेऊन पडते आणि ओळीतल्या चार गाड्या आडव्या होतात. स्टँडखाली ठेवायला सपाट दगड शोधा, किंवा घरूनच फळीचा हातभर तुकडा आणा. तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा. पाऊस झाला असेल तर काळ्या मातीच्या मैदानात गाडी घालूच नका. चाक आणि मडगार्डमध्ये माती बसली की चाक फिरत नाही, डांबराच्या कडेला लावून चालत जा.

वेगाची रॅली बघत असाल तर पुढचं काळजीपूर्वक वाचा.

टप्प्याचा रस्ता स्पर्धा सुरू व्हायच्या बराच आधी बंद होतो. बंद व्हायच्या आत जागेवर पोहोचा, नंतर रस्त्याने चालायचंही नाही.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू नका. घसरलेली गाडी वळणाच्या बाहेरच फेकली जाते. आतल्या बाजूला, रस्त्यापासून लांब आणि उंचावर उभं राहा. बांध, टेकाड, दरड, जे असेल ते. जागा निवडल्यावर स्वतःला विचारा: गाडी सरळ इकडे आली तर मी कुठे जाईन? मागे विहीर, काटेरी कुंपण किंवा भिंत असेल तर जागा बदला.

पहिला स्वार येण्याआधी आयोजकांची गाडी रस्ता मोकळा आहे का ते बघत जाते आणि सगळे गेल्यावर शेवटची गाडी येते. ती शेवटची गाडी जाईपर्यंत रस्ता ओलांडायचा नाही. दहा मिनिटं कोणी आलं नाही म्हणजे टप्पा संपला असं नसतं. एखादा स्वार बंद पडून, गाडी दुरुस्त करून उशिरा येतो आणि तो पूर्ण वेगात असतो.

फोटोसाठी बघ्यांना अडवायला बांधलेल्या पट्टीच्या आत जाणं, स्वाराला हात लावायला पुढे होणं, पडलेल्याला उचलायला रस्त्यात धावणं, तिन्ही बंद. पडलेल्याकडे मार्शल जातात. तुमचं काम मार्शलला ओरडून सांगण्याचं.

खबरदारी: टप्पा संपला की बघे त्याच रस्त्यावर आपली गाडी पळवून बघतात. रस्ता तेव्हा पुन्हा चालू झालेला असतो, समोरून शेतकरी, शाळेची मुलं, बैलगाडी येत असते. हे आपल्या गटात होणार नाही याची जबाबदारी पुढच्या माणसावर.

पायरी १०: शनिवारची रात्र

मुक्कामाची खोली आधी घेतलेली असावी आणि गाड्या आवारात लागाव्यात. रात्री अकरा वाजता झोपायचं, हे लहान मुलांना सांगितल्यासारखं वाटेल, पण रविवारी दुपारी दोन वाजता मालेगाव-धुळ्याच्या सरळ रस्त्यावर डोळा लागतो तो याच अपुऱ्या झोपेमुळे. दारू नको. रात्री उशिरापर्यंत प्यायलेली सकाळी अंगात शिल्लक असते, ‘उतरली’ असं वाटत असलं तरी.

पायरी ११: रविवारी परत

साडेअकरा म्हणजे साडेअकरा. सकाळी सामान बांधून मगच कार्यक्रमाला जा.

रविवारी पुढचा माणूस बदला. आदल्या दिवशी पुढे राहून तो थकलेला असतो. थांबे चुकवू नका, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरला एक. चांदवडच्या पुढे राहुड घाट येताना उताराचा आहे. तिथे अवजड ट्रक ब्रेक तापवत उतरतात. त्यांच्या पुढ्यात राहू नका, मागे अंतर ठेवून उतरा, गियर खाली घ्या, न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका.

जांभया सुरू झाल्या, दोनदा पांढऱ्या पट्टीवर गेलात, मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नाहीत, तर थांबायचं. चहाने भागत नाही. वीस मिनिटं खरोखर झोपा, बाकीचे थांबतील.

उशीर झालाच आणि धुळ्यातच अंधार पडला, तर धुळ्यात राहा. एका रात्रीचं भाडं आठ जणांत वाटून घेता येतं.

अपघात झाला तर क्रम असा: आधी मागून येणारी वाहतूक थांबवा, दोघांनी मागे लांब जाऊन टॉर्च किंवा कपडा हलवा. मग ११२ किंवा १०८ ला फोन, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा. जागा सांगताना कडेच्या दगडावरचा किलोमीटर वाचून सांगा. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, श्वास अडत असेल तरच दोघांनी मान धरून सावकाश काढा. पाणी पाजू नका. अनोळखी माणसाला मदत करावी लागली तर घाबरू नका, मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

पायरी १२: घरी पोहोचल्यावर

प्रत्येकाने गटावर ‘पोहोचलो’ लिहायचं. शेवटच्या माणसाने सगळी नावं आली का बघायची, एखादं राहिलं तर फोन करायचा. सगळी नावं येईपर्यंत त्याने झोपायचं नाही.

सोमवारी किंवा मंगळवारी एअर फिल्टर उघडा. मातीच्या टप्प्याजवळ दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीत धूळ खूप बसते. चेन डिझेलने किंवा रॉकेलने पुसून पुन्हा तेल द्या, काळी माती लागली असेल तर ती वाळायच्या आत पाण्याने काढा. टायरमध्ये खिळा, काच रुतली आहे का ते चाक फिरवून बघा. हळू गळणारं पंक्चर दोन दिवसांनी कळतं.

खजिनदाराने आठवड्याच्या आत हिशेब लिहून टाकावा, आणि वापरलेली ट्यूब, प्लग, पट्ट्या यांचे पैसे ज्याच्या सामानातून गेले त्याला आधी द्यावेत.